ग्रंथालय, तिसरी खिडकी, सकाळी अकरा

विद्यापीठातली मुलं त्यांना सीसीटीव्ही मावशी म्हणायची. तोंडावर नुसतं मावशी. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि पहिल्याचा त्यांना जास्त अभिमान होता, असं माझं ठाम मत आहे.

मावशी विद्यार्थी कार्यालयात कारकून. काम अर्जांवर शिक्के मारण्याचं. पण सहा वर्षांपूर्वी कुणीतरी कुलसचिवांच्या डोक्यात सोशल मीडियाचं खूळ भरवलं आणि कुलसचिवांनी ते मावशींच्या गळ्यात मारलं. पालकांसाठी एक पान काढायचं, त्यावर अधूनमधून सूचना टाकायच्या, एवढंच. दुसऱ्या कुणी परीक्षेचं वेळापत्रक चिकटवून हात झटकले असते. मावशींच्या मात्र पायाला भिंगरी लागली. मंगळवारी आणि शुक्रवारी त्या फोन घेऊन सगळं आवार पालथं घालायच्या. मुलं जेवताना, खेळताना, रांगेत उभी असताना फोटो काढायचे आणि खाली नेमकं लिहायचं: वसतिगृह दोन, सकाळी आठ, नळाला गरम पाणी आलं आहे.

हे नेमकं लिहिणं त्यांचं खास होतं. "नुसतं 'सगळे मजेत' लिहिलं तर आईबापाला झोप येते का रे?" असं त्या मला विचारायच्या. "जागा सांगायची, वेळ सांगायची. मग जीव भांड्यात पडतो."

त्यामागे कारण होतं. त्यांचा मुलगा परगावी शिकत असताना अपेंडिक्स फुटून अकरा दिवस दवाखान्यात होता. घरी कुणी कळवलं नाही. बाराव्या दिवशी त्याच्या मित्राचा फोन आला, तोही त्याचा जुना चष्मा घरी आहे का हे विचारायला, कारण नवा दवाखान्यात हरवला होता. मुलगा धडधाकट बरा झाला. मावशी काही त्यातून बऱ्या झाल्या नाहीत.

मी समोरच्या इमारतीत ग्रंथालयाच्या काउंटरवर. पुस्तकं द्यायची, घ्यायची आणि कुजबुजणाऱ्यांवर डोळे वटारायचे. चारच्या चहाला मावशी माझ्याकडे यायच्या आणि पालकांचे निरोप वाचून दाखवायच्या. 'आमचा बारक्या तीन आठवडे फोटोत दिसला नाही, जेवतो ना?' असं कुणी विचारलं की मावशी थेट बारक्याच्या खोलीवर. दुसऱ्या दिवशी ताट हातात घेतलेला, चेहरा पाडून उभा असलेला बारक्या पानावर. दहा मिनिटांत उत्तर, हा त्यांचा बाणा होता. मी चेष्टा करायचो, पण खरं सांगतो, मला त्यांचं कौतुकच वाटायचं.

त्या वर्षी पहिल्या वर्षाला एक मुलगी आली. बारीक कापलेले केस, खांद्याला गडद हिरवी पिशवी, पिशवीच्या झाकणावर बशीएवढं पांढरं बटण. रोज सकाळी अकराला मागच्या दाराने यायची आणि तिसऱ्या खिडकीजवळच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून बसायची. पहिल्याच महिन्यात ती मावशींच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "माझा फोटो टाकू नका. घरच्यांना दिसायला नको."

"का गं, काय लपवतेस? केस कापलेस म्हणून?" मावशींनी हसत विचारलं.

मुलगी हसली नाही. मावशींनी शब्द दिला, चेहरा दिसणार नाही. पुढे कुठेही मावशींचा फोन वर झालेला दिसला की ती पिशवी तोंडासमोर धरायची आणि वाट बदलायची. आम्ही दोघं यावर खूप हसलो आहोत. ते हसू आज मला माझ्याच कानात नको वाटतं.

मग एका गृहस्थाचे निरोप यायला लागले. भाषा अगदी सभ्य. प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. 'आपले कार्य स्तुत्य आहे. माझी मुलगी आपल्याकडे शिकते असे समजले. ती आमच्याशी बोलत नाही. चूक माझीच असेल. ती सुखरूप आहे, एवढेच कळवा.' मावशींनी हे वाचताना दोनदा चष्मा पुसला. त्यांनी नियमाप्रमाणे मुलीची जन्मतारीख विचारली. ती बरोबर आली. त्यांनी अर्जही काढून पाहिला. पालकाच्या रकान्यात वडिलांचं नाव नव्हतं, मामाचं होतं.

"रुसवा बघ केवढा! बापाला कागदावरूनसुद्धा काढून टाकलंय," त्या मला म्हणाल्या.

"मग कळवू नका," मी म्हणालो, पण चहा ओतता ओतता. जोर लावून म्हणालो नाही.

"तुला मूल नाही ना, म्हणून बोलतोस." हे त्या कधी बोलत नसत. मी कप त्यांच्यापुढे सरकवला. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "ती रोज त्याच खुर्चीत बसते का रे?"

"रोज. अकरा म्हणजे अकरा. हवं तर घड्याळ लावून घ्या." हे मीच सांगितलं.

शुक्रवारी त्यांनी खिडकीच्या बाहेरून, पाठमोरा फोटो काढला. चेहरा नाही, शब्द पाळला होता. खुर्चीला अडकवलेली हिरवी पिशवी, पांढरं बटण आणि बारीक केसांची मान. खाली लिहिलं: 'काही मुलांना कॅमेरा आवडत नाही. पण आपलं लेकरू पाठीवरूनही ओळखू येतं. ग्रंथालय, तिसरी खिडकी, रोज सकाळी अकरा.' दोन्ही बाजू सांभाळल्या म्हणून स्वारी खूश होती. तासाभरात खाली शे-दीडशे लाल बदामांमध्ये त्या गृहस्थाचा एकच शब्द आला. 'ओळखलं.' या वेळीही पूर्णविराम होता, पण आभार नव्हते. मला ते कसंसंच वाटलं आणि मी पुस्तकं लावायला गेलो.

मंगळवारी दहा चाळीसला ग्रंथालयात एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट. आमच्याकडे नवखा माणूस आला की काउंटरवर थांबतोच, कारण आमची इमारत म्हणजे नुसता भुलभुलैया. हा थांबला नाही. त्याने कुणालाच काही विचारलं नाही. कपाटांच्या दोन रांगा ओलांडून तो सरळ तिसऱ्या खिडकीपाशी गेला, शेजारची खुर्ची ओढली आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसला. तिची खुर्ची त्याने रिकामी ठेवली होती.

मी धावत समोर गेलो. "मावशी, तुमचे ओळखलंवाले आलेत."

त्यांनी आधी हसून माझ्याकडे पाहिलं. मग त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी मुलीला फोन लावायला रजिस्टर उघडलं आणि बोट रकान्यावर तसंच राहिलं. आमच्या रजिस्टरात फक्त पालकांचे नंबर असतात. चार हजार आईबापांना दहा मिनिटांत निरोप देणाऱ्या बाईकडे एका मुलीचा नंबर नव्हता.

मामाला फोन लागला. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मला लांबूनही ऐकू आलं. "त्याला कुणी सांगितलं? आठ महिने आम्ही तिला लपवून ठेवलंय! माझी बहीण अजून अंथरुणातून उठत नाही त्याच्यामुळे. अहो, पोलिसांना बोलवा, तिला आत जाऊ देऊ नका!"

दहा बावन्न. मावशींनी मला रखवालदाराला निरोप द्यायला आणि त्या माणसाजवळ थांबायला सांगितलं आणि स्वतः ग्रंथालयाच्या पायऱ्यांकडे धावल्या. मामा अजून फोनवर होता, त्यामुळे फोन हातातच. निरोप देऊन मी परतलो, तेव्हा काउंटरच्या काचेतून मला सगळं दिसत होतं. मुलगी वळणावरून आली. मावशी हात हलवत, फोन उंच धरून, तिच्या दिशेने पळत निघाल्या. ओरडल्याही असतील. मुलीने तो फोन पाहिला. तिने नेहमीप्रमाणे पिशवी तोंडासमोर धरली, वाट बदलली आणि झपाझपा इमारतीमागे गेली. मागच्या दाराकडे.

दार माझ्या पाठीमागे उघडलं. तो माणूस उठला आणि दारातच तिच्या हातातली पिशवी अगदी हळू काढून घेतली. "चल," म्हणाला. ती ओरडली नाही. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरच्या बाहेर आलो. "अहो, थांबा जरा."

"मी तिचा वडील आहे," तो म्हणाला, तितक्याच सभ्यपणे.

आणि मी बाजूला झालो. मामाचं बोलणं ऐकूनही झालो. का, ते मला आजही सांगता येत नाही. शरम वाटते, एवढं सांगतो. रखवालदार येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती. पोलिसांनी लिहून घेतलं की सज्ञान मुलगी वडिलांबरोबर स्वतःच्या पायांनी चालत गेली. मामाने सांगितलेला पत्ता त्यांनी पाहिला, घराला कुलूप होतं.

बुधवारी त्याच फोटोखाली नवी ओळ आली. 'मुलगी घरी पोहोचली. सर्वांचे आभार.' दुपारपर्यंत त्यावर दोनशे पालकांचे बदाम पडले. एका आईने लिहिलं, 'मावशी, तुमच्यामुळे एक घर जुळलं.'

मावशींनी पान बंद केलेलं नाही. फोटो मात्र टाकत नाहीत. चारला माझ्याकडे येतात, चहा तसाच निवतो. मला वाचून दाखवायला आता त्यांच्याकडे एकच निरोप आहे, रोज त्याच गृहस्थाला पाठवलेला, आणि तो पाहिला गेल्याची खूण रोज दहा मिनिटांच्या आत येते. उत्तर येत नाही.

'ती सुखरूप आहे, एवढेच कळवा.'