काचेतले मिटलेले डोळे

नागपूरहून दीक्षा घेऊन आलो, त्याच हिवाळ्यात बाबांनी आईला आणि मला पुलगावच्या स्टुडिओत नेलं. अंगावर दीक्षेच्या दिवशीचेच पांढरे कपडे. बाबा गिरणीत कामाला, पण त्या दिवशी खिशाला पेन लावून ऐटीत बसले. आईनं पदर दहा वेळा सारखा केला. फोटोवाला म्हणाला, "हलू नका," आणि नेमके तेव्हाच मी डोळे मिटले.

मिटले तर मिटले, फोटो घरातच राहणार, असं मला वाटलं. कसलं काय! आठ दिवसांत तो स्टुडिओच्या दर्शनी काचेत, भर बाजारात. शाळेतल्या पोरी मला पाहिलं की डोळे मिटून चालायला लागल्या. मी रडून घर डोक्यावर घेतलं.

बाबांना माझ्या डोळ्यांचं काही नव्हतं, त्यांचा राग वेगळाच होता. मला घेऊन ते तडक स्टुडिओत गेले.

"आमचा फोटो लावला, विचारलं काऊन नाई?"

"फोटो म्या काढला, काच माही. तुले काय तरास हाय?"

"चेहरे तं आमचे हायेत ना? काढा तो. लावाचा असंन तं घरी येऊन विचारा."

फोटोवाल्यानं तोंड वाकडं करून फोटो उतरवला. मी मनातल्या मनात फुगडी घातली.

पण तो फोटो पाहूनच आमच्या वस्तीतली माणसं तसाच काढून घ्यायला जात होती. काच रिकामी झाली आणि गिऱ्हाईक आटलं. एका रविवारी फोटोवाल्याची सायकल आमच्या दाराशी टेकली. आईनं चहा पुढे ठेवला. बाजारपेठेतल्या कोणी आमच्या घरी चहा घेतल्याचं मला आठवत नव्हतं, त्यामुळे आम्हा तिघांची नजर त्या कपावर. त्यानं बशीत ओतून, फुंकर मारून शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. आईनं हळूच श्वास सोडला.

"भाऊ, तुमचा फोटो लावू का जी काचेत?"

बाबा त्याला दोन खेटे तरी घालायला लावतील, अशी माझी खात्री होती. ते लगेच म्हणाले, "आमची दोघांची काई ना नाई. पण डोळे हिचे मिटले हायेत. हिले विचारा."

फोटोवाला माझ्याकडे वळला. "बाई, लावू का?"

मला 'नाही'च म्हणायचं होतं. फोटो उतरला तेव्हापासून तेच घोकत होते. पण तोवर मला कोणी काही विचारलंच नव्हतं. ऊठ म्हटलं की उठायचं, जेव म्हटलं की जेवायचं. माझ्या उत्तरासाठी एक मोठा माणूस खोळंबून बसलाय, हे मला फारच आवडलं.

"लावा," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरी पुन्हा डोळे मिटून चालू लागल्या. मी त्यांना मान वर करून सांगितलं, "त्यानं मले विचारलं होतं. म्याच लाव म्हटलं."