नोझलच्या गळ्यात

आज सूक्ष्मदर्शकाखाली मला साहेबांची थुंकी दिसली. वाळून पापुद्रा झालेली, माझ्या नोझलच्या गळ्यात अडकलेली.

वायूचा झोत सोडून बुटांच्या खोक्याएवढ्या उपग्रहाला अवकाशात वळवणारं हे नोझल. त्याचं भोक केसाहून बारीक आहे, आणि त्या भोकाचा आकार ठरवण्यात माझं अख्खं वर्ष गेलं. परवा साहेबांनी पाहुण्यांना दाखवायला ते उघड्या हातानं उचललं. "एवढ्याशा भोकात काय डिझाइन करायचं असतं?" म्हणून हसले आणि त्यावर जोरात फुंकर मारली. आज चाचणीत वायूचा झोत तिरका गेला. वर गेल्यावर हे झालं असतं, तर उपग्रह नुसता गरगरत राहिला असता.

मोठी यंत्रं माणसाचा माज पोटात घालतात. इतक्या बारीक वस्तूला तेवढी जागाच नसते.

"डिझाइनच चुकलंय तुमचं," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

"सर, इथे डोळा लावून बघा."

त्यांनी बघितलं. कान लाल झाले. "मला तर काहीच दिसत नाही."

मी अहवालात कारण स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"हे खोडा," ते म्हणाले.

"सही करा, सर," मी म्हटलं, आणि टेबलापासून हलले नाही.