दर चार सेकंदांनी बाफूर

कुमासी शहराजवळच्या आमच्या इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर अचिआ सांभाळते. बाई हट्टी, तोंडाने फटकळ. आमच्यात पाहुण्याला आधी पाणी देतात, मग 'काय काम काढलंत' म्हणून विचारतात. न विचारता कुणाला परत लावत नाहीत. अचिआ हाच नियम सर्व्हरलाही लावते. कोण कधी आत यायला बघतं याची सर्व्हर लॉगमध्ये नोंद ठेवतो, आणि त्यातली प्रत्येक नोंद तिच्या लेखी दारात आलेला माणूस.

त्या गुरुवारी सकाळी सर्व्हर गुदमरला. पेशंटचे कागद उघडेनात. अचिआने लॉग उघडला आणि खुर्ची पुढे ओढली. मी रेकॉर्डची कारकून, तिच्या शेजारीच बसते. मान वळवून पाहिलं. एकच ओळ, हजारो वेळा: बाफूर, प्रवेश नाकारला. दर चार सेकंदांनी नवी.

बाफूर तिच्याबरोबर काम करायचा. तो जाऊन दोन महिने झाले होते आणि आमच्या रीतीप्रमाणे तो अजून खाली शवागारातच होता, शनिवारच्या अंत्यविधीसाठी ठेवलेला. त्याची म्हातारी आई गावाहून यायची होती. लेकाचा चेहरा शेवटचा नीट बघायला मिळावा, एवढंच तिने आमच्याकडे मागितलं होतं.

"मग त्याचं नाव काढून टाक ना," मॅनेजर ट्वुमसाहेब म्हणाले.

"माती द्यायच्या आधी नाव पुसायचं? तुमच्या घरी करता का असं?"

"बरं बाई, निदान त्या नोंदी तरी बंद कर. लोक खोळंबलेत."

"तो कशाला येतोय ते विचारल्याशिवाय मी दार लावणार नाही."

"मेलेला माणूस काय कपाळ सांगणार तुला?" साहेब हसले. आम्ही कुणीच हसलो नाही.

अचिआने जुन्या नोंदी चाळल्या. तीन आठवड्यांपूर्वी बाफूरच्या पासवर्डची मुदत संपली होती. तेव्हापासून कुठलंतरी यंत्र त्याच्या नावाने आत यायला बघत होतं, दर दहा मिनिटांनी एकदा. बुधवार दुपारपासून मात्र दर चार सेकंदांनी. ते यंत्र यादीत नव्हतं, म्हणून तिने वायरचा माग धरला. वायर धोबीखान्यामागून गेली, जिना उतरली आणि शवागाराच्या दारात शिरली. मी तिच्या मागोमाग उतरले.

डोन्कोरमामा तिथे तीस वर्षं मढी सांभाळतात. दारावर टकटक करून, "येतोय हो" म्हणूनच आत जातात. दारामागे धुळीत एक डबी लुकलुकत होती. बाफूरनेच बसवलेली, आतलं तापमान वर कळवणारी.

"शीतखोलीच्या दारावरचा काटा चार अंशांवर आहे की," मामा म्हणाले. "कालपासून जरासुद्धा हललेला नाही."

"जरासुद्धा? मामा, काटा अडकलाय तुमचा!"

अचिआने लॅपटॉप जोडला आणि आत यायला डबीला बाफूरऐवजी वेगळं नाव दिलं. पहिला आकडा आला: अकरा अंश. मामांनी घाईने शीतखोलीचं दार उघडलं. आतला पंखा बंद पडला होता.

दुपारच्या आत तिथल्या सगळ्यांना कुमासीच्या शवागारात हलवलं. नंतर अचिआने डबीतला प्रोग्राम तीनदा वाचला. त्यात दहा मिनिटंच लिहिली होती. चार सेकंद कुठेच नव्हते, आणि बाफूर गेल्यापासून त्याला कुणी हातही लावला नव्हता. तिने मला ते दाखवलं आणि लॅपटॉप मिटला. मी त्या जिन्याने अजून एकटी उतरत नाही.

शनिवारी केंटेचं रंगीत वस्त्र पांघरवून बाफूरला पलंगावर निजवलं होतं. आईने वाकून त्याच्या गालावर हात ठेवला.

"किती गार पडलंय गं माझं पोरगं," ती रडत म्हणाली.

अचिआने माझा हात घट्ट धरला. "गार आहे," ती पुटपुटली, "गार आहे," आणि ढसाढसा रडायला लागली.