चुलतीची हळदीची ट्रंक

आमची चुलती आयुष्यात कधी धड बसली असेल, यावर माझा विश्वास नाही. सांगलीहून मी तिच्याकडे, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेले की ती उभ्यानेच चहा देते, उभ्यानेच पिते, आणि मी बसले तर अशी बघते की मीही घोट संपवून उठते. गावात घरटी एक फौजी. तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, सुभेदार होऊन परतले तोवर ऊस, म्हशी आणि सासू या तिन्ही आघाड्या तिने तीस वर्षं एकटीने लढवलेल्या. काकांना वाटलं, आता हुकूम आपला. पहिल्याच सकाळी त्यांनी गड्यांना रांगेत उभं केलं. चुलतीने त्यांच्या हातात शेणाची पाटी दिली. काका आजतागायत गोठ्याच्या हद्दीत आहेत, आणि सुखात आहेत.

टीव्हीवर सीमेवरची बातमी लागली की तिची तगमग बघवत नाही. कुणी टायवाला युद्ध हवंच म्हणून ओरडू लागला की ती आवाज बंद करते आणि त्याला शांतपणे पहिल्या गाडीने पुढं जायला सांगते. गावच्या कमानीवर फौजींची नावं कोरायचं ठरलं, तेव्हा भर ग्रामसभेत उभी राहून (बसलेली नव्हतीच म्हणा) तिने विचारलं, मागं राहिलेल्या बायकांची नावं कुठल्या बाजूला? सरपंच पाणी प्यायले. विषय अजून विचाराधीन आहे.

तिचा मुलगा फौजेतून सुटला तो आखातात गेला. कुठल्याशा तेलकंपनीच्या फाटकावर बंदूक घेऊन उभा असतो. त्याच सुमारास तिच्या शेतातली हळदही परदेशी जायची होती, आणि सांगलीत तिचा व्यवहार बघणाऱ्या मला व्यापाऱ्याने नमुन्यावर नमुने मागून पार पिदडलं होतं. चुलती म्हणाली, "हळद परदेशी जायची तर दहा तपासण्या. माणूस न्यायचा तर नुसती छाती मोजत्यात."

आणि अशात नातीने, या मुलाच्याच पोरीने, भरतीचा फॉर्म भरला. चुलतीने तिचे पळायचे बूट कडब्याच्या गंजीत लपवले. पोरगी अनवाणी पळाली आणि निवडली गेली. चुलतीच्या दोन दिवस अंगणात येरझाऱ्या. शेवटी पोरगीच आडवी उभी राहिली.

"आज्जे, तू तीस वर्षं वाट बघितलीस. मम्मी आता बघतीया. मला वाट बघत बसायचं न्हाई."

"आन मी आता तुझी बघू व्हय?"

चुलती आत गेली आणि काकांची काळी ट्रंक ओढत घेऊन आली. तिच्यात ती घरची दळलेली हळद ठेवायची. हळद तिने डब्यांत ओतली. मी म्हटलं, साबणाने धुते, नाहीतर पोरीच्या कपड्यांचं वाटोळं होईल. एरवी कपबशी तीनदा विसळणारी ही बाई म्हणाली, राहू दे.

परवा मी तिथेच असताना नातीचा व्हिडिओ कॉल आला. ट्रेनिंगच्या पहिल्याच तपासणीत तिचे पांढरे बनियन पिवळे निघाले, उस्तादांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि घासूनही डाग निघत नव्हते. मला तर चुलतीचा रागच आला. ती मात्र फोन नाकाशी धरून ते डाग न्याहाळत होती.

"निघायचे न्हाईत ते," ती म्हणाली.

फोन बंद झाला तरी तो तसाच धरून ती हळूच उंबऱ्यावर बसली.

"पयली सुट्टी कवा मिळती गं?"

फौजेच्या सुट्ट्या तीस वर्षं तोंडपाठ असलेली बाई मला विचारत होती. मी चहा करायला उठले.