दोन तोंडांची वायर

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अठरा दिवस उरले होते तेव्हा मी तो डबा कपाटातून काढला.

डबा म्हणजे व्हिडिओची हार्ड डिस्क. शब्दकोशाएवढी जाड, एका बाजूला छोटा पडदा, त्याच्याखाली लाल बटण. कॅमेऱ्याला जोडली की कॅमेरा जे पाहतो ते ती स्वतःत साठवते. लग्नाचं शूटिंग करणारा एक जण धंदा बंद करत होता, त्याच्याकडून मी ती जुनी घेतली होती. तिची बॅटरी फुगून निकामी झाली होती, त्यामुळे शूटिंगला ती भिंतीतल्या विजेवर चालायची आणि कॉम्प्युटरला जोडली की त्याच्याच वायरीतून वीज घ्यायची. एवढं त्याने सांगितलं होतं. लाल बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, हेही सांगितलं होतं. माहितीपत्रक मात्र नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयात जन्म काढलेल्या मी माहितीपत्रक नसलेली वस्तू पहिल्यांदाच घरात आणली होती.

गेल्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी मी माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, पुरणाचे मांडे करताना टिपलं होतं. तिचं गाव धुळ्याच्या पलीकडे. मी जळगावहून एस.टी.ने कॅमेरा, स्टँड आणि हा डबा घेऊन गेलो, दिवसभर चित्रण केलं, परत आलो आणि डबा कपाटात ठेवला. सवडीने बघू म्हणून ठेवला. पौषात अक्का गेली. मग बघायचा धीर झाला नाही.

आखाजीला आमच्याकडे घागर भरतात. गेलेल्या माणसाच्या नावाने नवी घागर पाण्याने भरून पुजायची आणि तिच्यापुढे नैवेद्य ठेवायचा. अक्काची ही पहिली घागर. तिची मुलगी, माझी भाची, धुळ्याला शिक्षिका आहे. तिचा फोन आला.

"मामा, आईच्या घागरीपुढे मी विकतचे मांडे ठेवणार नाही. मी करणार आहे."

"जमेल तुला?"

"नाही जमत, तेच तर सांगतेय. तीनदा केले, तीनदा खापरावर चिंध्या झाल्या. कणीक कधी झाली ते आईच्या हाताला कळायचं, मला कळत नाही. तुमच्याकडे सगळं आहे ना? मला तेवढं कणकेचं बघायचंय."

"सगळं आहे," मी म्हणालो.

मी त्यातलं काहीही पाहिलेलं नव्हतं.

फोन ठेवला आणि डबा कॉम्प्युटरला जोडला. हिरवा दिवा लागला. आत काहीतरी फिरू लागलं, मग टक् असा आवाज आला आणि दिवा मंद झाला. पुन्हा फिरणं, पुन्हा टक्. कॉम्प्युटरच्या पडद्यावर काहीच उमटेना. मी वायर काढून दुसऱ्या खाचेत घातली. तोच प्रकार. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. टेबल हलत असेल म्हणून डबा जमिनीवर ठेवला. जळगावचा उन्हाळा, डबा तापला असेल म्हणून कूलरसमोर ठेवला. टक्, आणि थोड्या वेळाने पुन्हा टक्.

इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की असा आवाज आला तर डिस्क फ्रिजमध्ये ठेवा. त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलं होतं की फ्रिजमध्ये चुकूनही ठेवू नका. दोघेही ठाम होते. मी ती पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली आणि अर्ध्या तासाने घाबरून बाहेर काढली. मग ती पिशवी मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसलो. अक्का त्या डब्यात आहे आणि मी तिला फ्रिजमध्ये ठेवलं, असं काहीतरी डोक्यात येऊ लागलं. ते बरं लक्षण नव्हतं.

तिच्या जाण्यानंतर माझं हे असंच झालं होतं. पुस्तक उघडायचो, पान संपायचं, आणि पानावर काय होतं ते सांगता यायचं नाही. पुन्हा पहिल्या ओळीवर. तो आवाज ऐकताना मला वाटलं, या डिस्कचंही तेच झालंय.

चौथ्या दिवशी डबा घेऊन बाजारपेठेतल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार चाळिशीचा, बोलका, डोळ्याला भिंग लावून बसलेला. मी सगळं क्रमाने सांगितलं. फ्रिजचं सांगितलं नाही. त्याने डबा हातात घेण्याआधी वायर हातात घेतली.

"सर, हे काय?"

त्या वायरीला एका टोकाला दोन तोंडं होती. एक मी कॉम्प्युटरला लावत होतो. दुसरं मी रबर लावून, नीट घडी करून बांधून ठेवलं होतं.

"ते जास्तीचं आहे," मी म्हणालो. "एक खराब झालं तर असावं म्हणून."

त्याने भिंग कपाळावर चढवलं. "सर, घरी दोन भाकरी वाढल्या तर एक रुमालात बांधून ठेवता का?"

"नाही."

"मग हिची का बांधली? हिला एका तोंडाने पुरेशी वीज मिळत नाही. उठते, फिरायला लागते, ताकद संपते, बसते. टक्. परत उठते. डिस्क चांगली आहे तुमची. उपाशी आहे."

त्याने रबर काढलं, दोन्ही तोंडं लावली. दिवा लागला आणि तसाच राहिला. टक् झालं नाही. पडद्यावर दहा फाइली उमटल्या. मी त्या दोनदा मोजल्या.

घरी येऊन पहिली फाइल लावली. परसातली चूल, चुलीवर पालथं घातलेलं मातीचं खापर, आणि अक्का. डोक्यावरून पदर घेतलेला, कधी नव्हे ती ताठ बसलेली. "आता आपण कणीक घेणार आहोत," ती म्हणत होती. अक्का जन्मभर अहिराणी बोलली. पण मीच तिला सांगितलं होतं की सगळ्यांना समजेल असं बोल, आणि ती टीव्हीवरच्या बायकांसारखं पुस्तकी बोलायला लागली होती. गहू किती, मीठ किती, पुरण कसं वाटायचं. अकरा मिनिटं झाली. "आता ही कणीक," ती म्हणाली, आणि चित्र गेलं.

पुढच्या नऊ फाइली लहान होत्या. कुठे दीड मिनिट, कुठे चार. मी दुसरी लावली. अक्काच्या हातावर फाटलेला मांडा. तिसरी लावली. खापरावर फाटलेला मांडा. चौथीत अक्का चहा पीत होती. पाचवीत पुन्हा फाटलेला. न फाटलेला एक तरी मांडा दिसतो का म्हणून मी फाइली पळवत शेवटपर्यंत पाहिल्या आणि पुन्हा पहिल्यापासून पळवल्या. त्या दिवशी तिने वीस तरी मांडे केले होते. दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत ती मांडा झेलत नेत होती, कापडासारखा पातळ, आणि एका झटक्यात खापरावर टाकत होती. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यातला एकही डब्यात नव्हता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात.

"माझ्याकडून काही पुसलं गेलं का?"

त्याने तपासलं. "पुसलं काही नाही, सर. जे नाही ते भरलंच नव्हतं." मग तो फाइलींच्या वेळा बघत बसला. "पहिली फाइल मध्येच तुटली आहे. त्या वेळी लाइट गेली होती का?"

लाइट गेली नव्हती. मी तसं सांगितलं, आणि सांगता सांगता आठवलं. अक्काच्या गावात शेताची थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने येते. ती आली की विहिरीवरच्या मोटारी आपोआप चालू होतात, सगळ्या शिवारातल्या एकदम, आणि घरातला पंखा क्षणभर थांबल्यासारखा होतो. त्या दिवशी तसं झालं होतं. "मोटरी लागन्यात," अक्का म्हणालीही होती.

"झालं तर," तो म्हणाला. "विजेचा दाब पडला, डबा बंद पडला, लगेच उठला. पण उठला तो नुसता. रेकॉर्डिंग थांबलेलं. पडद्यावरचा लाल ठिपका गेला असेल. तुम्हाला दिसला नाही?"

पिठाची आणि राखेची धूळ बसू नये म्हणून मी पडद्यावर रुमाल टाकला होता.

"म्हणजे त्यानंतर तुम्ही बंद करायला बटण दाबलं, तेव्हा ते चालू झालं. चालू करायला दाबलं, तेव्हा बंद. दिवसभर."

"पण मी बंद केव्हा करत होतो," मी म्हणालो आणि थांबलो. ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

मांडा फाटला की अक्का मला बंद करायला लावत होती. सुरुवातीलाच तिने तसं ठरवून घेतलं होतं. "फाटना ते बंद कर रे भाऊ. लोके हासतीन." मी प्रत्येक वेळी इमानाने बटण दाबलं होतं.

भाचीला फोनवर हे सांगता येईना. तिचे दोन फोन आले, दोन्ही वेळा मी "आणतोय" एवढंच म्हणालो. आखाजीच्या आदल्या दिवशी एस.टी.त बसलो. पारोळ्यापर्यंत मी वाक्य जुळवत होतो. मला नक्की कशाचं वाईट वाटत होतं तेच कळत नव्हतं. चांगले मांडे हरवले याचं, की तिने नको म्हटलेलं सगळं माझ्याकडे होतं याचं?

भाची अक्काच्या घरी आधीच येऊन पोचली होती. परसात चूल सारवलेली, खापर धुऊन पालथं. तिने लॅपटॉप ओट्यावर ठेवला. मी वायरीची दोन्ही तोंडं लावली आणि जे घडलं ते सांगितलं. मग तिने दुसरी फाइल पाहिली, तिसरी अर्ध्यावर सोडली आणि ती उठली.

"मामा, ग्रंथालयात एवढी पुस्तकं सांभाळलीत, आणि माझ्या आईची फजिती तेवढी सांभाळून आणलीत."

"हो."

"तिला आवडलं असतं हे?"

"नाही."

"बंद करा."

मी बंद केलं. ती आत गेली. कणीक मळायचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी अंगणात बसून राहिलो. पुस्तक आणलं होतं, ते उघडलं नाही.

सकाळी तिने चूल पेटवली. घागर भरून झाली होती, देवळीपाशी ठेवली होती. पहिला मांडा तिच्या मनगटापर्यंत आला आणि फाटला. दुसरा खापरावर पडता पडता दुमडला. तिसरा फाटला तेव्हा ती तशीच बसून राहिली, दोन्ही हात पुढे धरून, त्यांवर लोंबणाऱ्या कणकेसकट. रडली नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "ती तिसरी लावा."

लावली. पडद्यावर अक्काचेही हात तसेच पुढे धरलेले, कणीक तशीच लोंबत होती. मात्र ती ताठ बसलेली नव्हती. पदर खांद्यावर आला होता.

"काय देखी राह्यना?" ती मला म्हणत होती, कॅमेऱ्याच्या बाजूला बघून. "मन्ही माय भी फाडे. कनीक अजून पानी मांगस, तिले देवानं." तिने फाटलेला गोळा परातीत टाकला, ओंजळभर पाणी घेतलं आणि कणीक उचलून आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. परातीचा आवाज बदलत गेला. आधी थप् होता, मग चप् झाला. "आयक," अक्का म्हणाली. "आते झायी."

भाचीने फाइल मागे नेऊन तेवढाच आवाज पुन्हा ऐकला. मग स्वतःच्या परातीत ओंजळभर पाणी घातलं. ती कणीक किती वेळ आपटत होती ते मी मोजलं नाही. मध्ये मला वाटलं आवाज बदलला. तिला वाटलं नाही. नंतर तिला वाटलं तेव्हा मला काहीच फरक कळला नाही.

चौथा मांडा कोपरापर्यंत आला. खापरावर टाकताना एका कडेला हातभर नाही पण चांगला बोटभर फाटला. ती थांबली आणि तिने लॅपटॉपकडे मान वळवली. मी पाचवी लावली. अक्काने कणकेचा एक तुकडा पाण्यात बुडवला, फाटलेल्या जागी दाबला, वरून बोट फिरवलं आणि मांडा उलटला. "खालनी बाजू कोन देखस?" असं म्हणून ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तिचं ते हसणं मी विसरलो होतो. त्या दिवशी मी ते ऐकलंही असणार, पण तेव्हा मी रुमाल सरळ करत होतो.

भाचीने तुकडा बुडवला, दाबला, बोट फिरवलं, मांडा उलटला.

पडद्यावर अक्का पदर पुन्हा डोक्यावर घेत होती, ताठ बसत होती. तोंडावरचं हसू पुसून ती कॅमेऱ्याकडे वळली. "हां. आते चालू कर," ती म्हणाली, आणि फाइल संपली. त्या सगळ्या फाइली अशाच संपतात.

भाचीने मांडा खापरावरून उतरवला, घडी घातली आणि घागरीपुढे ठेवला, ठिगळाची बाजू खाली करून.