मैत्रीच्या आजारात मी लपवलेली गोष्ट

"हा प्रोपिऑनिक अ‍ॅसिडेमिया आहे," असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमची मुलगी मैत्री आठ महिन्यांची होती. म्हणजे, प्रथिनांचं विघटन करणारं एक एन्झाइम तिचं यकृत नीट बनवत नाही. अर्धवट राहिलेलं आम्ल रक्तात साचतं, अमोनिया वाढतो, मूल उलट्या करतं, सुस्तावतं, बेशुद्धही पडू शकतं. सदोष जनुक माझ्याकडून आणि बायको सुषमाकडून, दोघांकडूनही आलेलं.

औषधापेक्षा पथ्य मोठं. डाळ, दूध, अंडी, मासळी बंद. धानाच्या मुलखात राहून पोरीचा भातसुद्धा सुषमा ग्रॅमवर मोजायची.

आता आजवर टाळलं ते लिहितो.

मैत्री पाच वर्षांची होती. बुद्धपौर्णिमेला आमगावच्या आमच्या विहारात खीर वाटणं चालू होतं. सगळी पोरं द्रोण घेऊन रांगेत, आणि ही माझं बोट धरून नुसती बघत उभी. तिनं मागितली नाही. मीच तिला मागे नळापाशी नेलं आणि द्रोणभर खीर खाऊ घातली. एवढ्याशानं काय होते, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी उलट्या. तिसऱ्या दिवशी हाका मारल्या तरी डोळे उघडेनात. नागपूरला आयसीयूत सहा दिवस. डॉक्टरांनी खाण्याचं विचारलं, तेव्हा मी म्हणालो, घरी मोजण्यात काही चुकलं असेल.

घरी मोजायची सुषमा. माझी माय तिला वर्षभर टोचत राहिली, "शिकेल हाय म्हने, अन् भात मोजता येत नाही." मी मान खाली घालून जेवत राहिलो. सुषमानं जुना काटा बिघडला असेल म्हणून नवा आणला. तरी मी बोललो नाही.

पुढच्या वर्षी एम-आरएनए उपचाराच्या चाचणीबद्दल कळलं. हे एन्झाइम कसं बनवायचं याचा निरोप सलाइनमधून यकृताला पोचवतात. निरोप टिकत नाही, म्हणून दर काही आठवड्यांनी पुन्हा द्यावा लागतो. जनुक मात्र बदलत नाही.

चाचणीत घेण्याआधी वर्षभरातल्या प्रत्येक आजारपणाचं कारण विचारत होते. पथ्य मोडणारं घर म्हणून मैत्रीला काढतील, अशी मला भीती होती. शेजारी सुषमा सांगू लागली, "माझ्याच मोजण्यात..." मी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं.

चाचणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यानं ती बाद होत नाही. पण हे कळलं नसतं, तर आम्ही कारण भलत्याच ठिकाणी शोधत बसलो असतो."

बाहेर बाकावर सुषमानं एवढंच विचारलं, "नवीन काटा आनला तवाबी तुमी चूपच राहिले?" मी हो म्हणालो. त्या दिवसापासून तिनं पोरीचं ताट माझ्या हाती दिलं नाही. घरी मायलाही सांगितलं. "माझ्या तोंडून पाप करवलं तू," ती म्हणाली.

सलाइन सुरू होऊन वर्ष होत आलं. पथ्य आहेच, आणि पुढचं कोणी छातीठोक सांगत नाही. पण या पावसाळ्यात मैत्रीला ताप आला; या आजारात साध्या तापानंही अमोनिया चढू शकतो. आम्ही दवाखान्याची पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तीन दिवसांत ताप उतरला, पिशवी तशीच रिकामी केली. त्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे उपकार कसे फेडायचे, कळत नाही.

तुमच्या घरी असं मूल असेल, तर एक विनंती. डॉक्टरांनी कारण विचारलं की घडलं ते सांगा, लाज वाटली तरी. लपवल्याचा भार दुसऱ्याच कुणाच्या डोक्यावर जाऊन बसतो.

ताप उतरला त्या दुपारी सुषमा म्हणाली, "तिले तुमी जेवू घाला. मी पडते थोडी." ती संध्याकाळपर्यंत झोपली.