अंगठ्याएवढ्या माणसासाठी उतार

माझा मित्र कवळ्या बनवतो, म्हणून आम्ही त्याला कवळीवाला म्हणतो. सुट्टीच्या दिवशी मात्र तो खेळण्यांचे फोटो काढतो. त्याच्या कपाटात बाहुल्यांचं अख्खं गाव आहे. त्यात गोरे, काळे, टकले, जाडे असे सगळे आहेत, काठी टेकणारी आजीसुद्धा आहे. "आपल्या गावातून कुणी वगळलं जाता कामा नये," असं तो छाती फुगवून सांगतो.

चाकांच्या खुर्चीतला माणूस तेवढा मिळत नव्हता. त्यासाठी त्याने आठ महिने दुकानं पालथी घातली. परवा तो सापडला, अंगठ्याएवढा. फोटोखालची ओळ लिहायला मला तातडीने बोलावणं आलं. साहित्यातल्या पदवीचा एवढाच उपयोग.

मी गेलो तेव्हा तो जमिनीवर पालथा पडून, कवळीच्या प्लास्टरने खेळण्यातल्या बँकेच्या दारात उतार करत होता. "पायऱ्या कशा चढेल बिचारा?" तो कळवळून म्हणाला.

खोलीच्या दारात त्याचे वडील चाकांच्या खुर्चीत बसले होते. त्या घराबाहेरही तीन पायऱ्या आहेत. वर्षभरात ते अंगणात उतरलेले नाहीत.

"आठ महिने कुणाला शोधत होतास रे? मी तर इथेच होतो," ते म्हणाले. "प्लास्टर उरलं तर आपल्या पायऱ्यांनाही लाव."

"बाबा, तुमची सावली पडतेय. जरा मागे व्हा ना."

ते मागे झाले. मी ओळ लिहिली : 'इथे सगळ्यांना वाट आहे.'

वाचून कवळीवाल्याचे डोळे भरून आले.